स्प्रिंगचा ओला आवाज

गिटारच्या सहाही तारांवर डावा हात नुसता टेकवून ठेवा. सूर निघता कामा नये. आता उजव्या हाताने पिकचा एकच जोरकस फटका मारा. कोरड्या अ‍ॅम्पमधून ‘टक्’ एवढाच आवाज येतो. स्प्रिंग रिव्हर्ब चालू असेल, तर त्या ‘टक्’च्या पाठोपाठ खालून वर झेपावणारा एक ओला ‘ट्विप्’ उमटतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि मग सगळे एकमेकांत मिसळून विरत जातात. गिटारवाले याला ‘ड्रिप’ म्हणतात. एखादे डिजिटल पेडल किंवा प्लगइन स्वतःला स्प्रिंग म्हणवत असेल, तर त्याची परीक्षा घ्यायला हा एक फटका पुरतो. लांबवलेल्या सुरांवर, संथ कॉर्डवर बहुतेक रिव्हर्ब गोडच वाटतात. तिथे नक्कल खपून जाते. दाबलेल्या तारांवर ती उघडी पडते.

ती का उघडी पडते हे समजायचे, तर आधी मूळ वस्तू नीट पाहायला हवी. ज्या वस्तूची नक्कल आज जगभरचे अभियंते करतात, ती स्वतःच एका नकलेच्या प्रयत्नातून जन्मली आणि त्या प्रयत्नात ती फारशी यशस्वी झाली नव्हती.

अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवर चालणारा ऑर्गन १९३५ साली बाजारात आला. चर्चमध्ये त्याचा नाद घुमायचा, कारण वास्तूच घुमायची. पण लोक तो घरी नेऊ लागले आणि गालिचे-पडद्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात तोच ऑर्गन रुक्ष वाटू लागला. दूरच्या टेलिफोन लाइनवर आवाज पोहोचायला जो विलंब लागतो, त्याचा अभ्यास करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगचा वापर झाला होता. हॅमंडनी ती कल्पना उचलली. त्यांची सुरुवातीची यंत्रणा चार फुटांहून उंच होती आणि तिच्या काही स्प्रिंगा तेलात बुडवलेल्या असायच्या. पुढे कंपनीच्या अभियंत्यांनी ती लहान करत नेली आणि १९६० च्या सुमारास ‘टाइप ४’ नावाची आडवी, चपटी पेटी तयार झाली. पत्र्याची, सुमारे ४२ सेंटिमीटर लांबीची ही पेटी म्हणजेच गिटारवाल्यांचा ‘टँक’. साठ वर्षांनंतरही तिचा मूळ आराखडा जवळजवळ तसाच आहे.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांनी हा टँक घेऊन १९६१ साली वेगळी रिव्हर्बपेटी काढली. त्याच वर्षी अँपेग कंपनीने आपल्या ‘रिव्हर्बरॉकेट’ अ‍ॅम्पच्या आतच रिव्हर्ब बसवला. फेंडरच्या अ‍ॅम्पमध्ये तो १९६३ च्या ‘व्हायब्रोव्हर्ब’पासून आला. डिक डेल हा गिटारवादक सांगायचा की त्याला रिव्हर्ब हवा होता तो गाण्याच्या आवाजासाठी. गिटार त्यात जोडली ती नंतर. सांता आना इथल्या शाळकरी पोरांच्या ‘द शँटेज’ या बँडची ‘पाइपलाइन’ ही वाद्यरचना १९६२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढली. समुद्रावर सर्फिंग करणाऱ्या तरुणांच्या संगीताला तिथून कायमचा एक ओला रंग चढला. चर्चची आठवण करून द्यायला बनवलेली वस्तू आता लाटांचा आवाज झाली होती आणि चर्चशी तिचे साम्य आहे की नाही, हे कोणी विचारेनासे झाले. माझ्या मते डिजिटल नकलेचा प्रश्न इथेच सुरू होतो. आपल्याला खोलीची नक्कल करायची नाही. एका विशिष्ट यंत्राची, त्याच्या सगळ्या खोडींसकट करायची आहे.

टँक उघडून पाहिला तर आत फार थोडे असते. एका टोकाला लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली कॉइल, गाभ्याच्या फटीत मुगाच्या दाण्याहून लहान चुंबक, आणि त्या चुंबकाला अडकवलेली स्प्रिंग. गिटारचा संकेत कॉइलमध्ये शिरला की चुंबक थरथरत वळते आणि स्प्रिंगेला पीळ देते. तो पीळ वेटोळ्यांमधून प्रवास करत दुसऱ्या टोकाला पोहोचतो, तिथले चुंबक वळते आणि तिथल्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. तरंग मात्र तिथे संपत नाही. तो उलटून मागे येतो, पुन्हा पुढे जातो. टाइप ४ मध्ये अशा दोन स्प्रिंग-रांगा असतात आणि त्यांचे विलंब मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात: एकीचा सुमारे ३३ मिलिसेकंद, दुसरीचा ४१.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या रांगेतून आवाज ३३ मिलिसेकंदांनी पोहोचतो. पुढचा प्रतिध्वनी येण्याआधी तरंगाला एकदा मागे आणि एकदा पुढे जावे लागते, म्हणजे तो ९९ व्या मिलिसेकंदाला येतो, त्यापुढचा १६५ व्या. दुसऱ्या रांगेचे आकडे ४१, १२३, २०५. दोन्ही मिळून एका सेकंदात जेमतेम सत्तावीस प्रतिध्वनी होतात. १९६२ साली बेल प्रयोगशाळेच्याच मानफ्रेड श्रोडर यांनी नैसर्गिक वाटणाऱ्या कृत्रिम रिव्हर्बवर लिहिले, तेव्हा त्यांनी सेकंदाला हजारभर प्रतिध्वनींची अपेक्षा धरली होती. त्याहून कमी असले तर आवाज फडफडतो. श्रोडर यांच्या मापाने पाहिले तर स्प्रिंग हे अगदी टाकाऊ सभागृह ठरते. तरीही ते कानाला भरलेले वाटते, आणि ते का, याच्या उत्तरात सगळी मेख आहे.

काचेच्या लोलकातून पांढरा प्रकाश गेला की रंग सुटे होतात, हे अपस्करण आपण शाळेत शिकतो. स्प्रिंगमध्ये ते ध्वनीचे होते. हवेत खर्ज आणि तार सप्तक एकाच वेगाने धावतात, म्हणून सभागृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही टाळी टाळीसारखीच ऐकू येते. वेटोळे घातलेल्या तारेत तसे होत नाही. खालच्या वारंवारता आधी पोहोचतात, वरच्या मागाहून, आणि गिटारच्या टँकमध्ये साधारण ४ किलोहर्ट्झच्या आसपासच्या तर इतक्या रेंगाळतात की त्यांची शेपटी लांबच लांब पसरते. त्या सीमेच्या वर आणखी एक, फार क्षीण असा प्रतिध्वनींचा संच असतो, पण कान धरून ठेवतो तो खालचा. क्षणभराची ‘टक्’ त्यामुळे पसरून खालून वर चढणारा ‘ट्विप्’ बनते.

आणि हे प्रत्येक फेरीत पुन्हा घडते. पहिला प्रतिध्वनी स्प्रिंगेतून एकदा गेलेला असतो, दुसरा तीनदा, तिसरा पाचदा. म्हणजे दुसरा पहिल्याच्या तिप्पट पसरलेला, तिसरा पाचपट. काही वेळातच एकाची शेपटी पुढच्याच्या डोक्यावर चढते, सत्तावीस प्रतिध्वनींमधल्या रिकाम्या जागा भरून निघतात आणि सुटे ‘ट्विप्’ वितळून एक सलग, किंचित धातूचा वास असलेला ओलावा उरतो. सुरुवातीला ठिबक आणि शेवटी धुके, हा बदल एकाच नियमातून येतो. तो ऐकला की मला आजही नवल वाटते.

जुन्या डिजिटल यंत्रांमध्ये ‘स्प्रिंग’ नावाखाली जे मिळायचे, ते बहुधा खोलीचेच गणित असायचे: वेळ कमी केलेली, मधल्या वारंवारता जरा पुढे काढलेल्या. त्यात ठिबक नसायचीच. पुढे काहींनी सुरुवातीला एक ‘ट्विप्’ चिकटवला आणि मागे नेहमीची शेपटी जोडली. हे पहिल्यापेक्षा बरे, पण फटका मारून पाहिला की सांधा कळतो, कारण ‘ट्विप्’ एकदाच होतो आणि पुढे सगळे गुळगुळीत. अपस्करण फेरीच्या आत असावे लागते, दारात नव्हे.

हे नीट कसे करायचे याचा एक महत्त्वाचा टप्पा २००६ साली आला. जोनाथन एबल, डेव्हिड बर्नर्स, शॉन कॉस्टेलो आणि ज्युलियस स्मिथ यांनी स्प्रिंगेच्या दोन दिशांच्या प्रवासात ऑल-पास फिल्टरांच्या माळा बसवणारी रचना मांडली. ऑल-पास फिल्टर कोणतीही वारंवारता दाबत नाही की वाढवत नाही. तो फक्त तिला उशीर करतो, आणि प्रत्येकीला वेगवेगळा. आपल्याला नेमके हेच हवे आहे. अडचण अशी की एका फिल्टरने मिळणारा उशीर नखाएवढा असतो. खरा ‘ट्विप्’ हवा तर असे शंभराच्या घरात फिल्टर एकामागे एक लावावे लागतात, तेही प्रत्येक रांगेसाठी, आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांपैकी प्रत्येक नमुना त्या सगळ्यांतून जायला हवा. आजच्या संगणकाला हे काहीच नाही. पण पेडलमधल्या चिमुकल्या चिपला ते झेपत नाही. अनेक छोट्या कंपन्यांच्या पेडलांमध्ये वापरली जाणारी ‘एफव्ही-१’ चिप प्रत्येक नमुन्यामागे फक्त १२८ सूचना पाळू शकते. शंभर फिल्टरांच्या दोन माळा त्यात कोंबायच्या कशा?

वेसा व्हॅलिमॅकी, ज्युलियन पार्कर आणि एबल यांनी २०१० मध्ये दिलेल्या उत्तरात मला खरी कारागिरी दिसते. ऐकू येणारा सारा मामला ४ किलोहर्ट्झच्या खालीच घडतो, तर मग पूर्ण वेगाने हिशेब करायचाच कशाला? त्यांनी फिल्टर असे ताणले की एकेका फिल्टराची ताकद सगळी खालच्या पट्ट्यात खर्च व्हावी. हा भाग कमी नमुना-दराने चालवला तर श्रम आणखी वाचतात. शिवाय विलंबाची लांबी त्यांनी अगदी सूक्ष्म आणि अनियमितपणे हलती ठेवली. खरी स्प्रिंग गणितातल्या रेषेइतकी एकसारखी नसते. तिच्या बारीकसारीक असमानतेमुळे प्रतिध्वनींच्या कडा उत्तरोत्तर पुसट होत जातात. ही पुसटता नसेल तर नक्कल बरोबर असूनही काचेसारखी कडक ऐकू येते. एडिनबरोमध्ये स्टेफान बिलबाओ यांनी पार्करबरोबर आणखी मुळाशी जाऊन स्प्रिंगेच्या हालचालीची समीकरणेच संगणकावर सोडवली. समजून घेण्यासाठी तो मार्ग मोलाचा आहे, पेडलसाठी महाग.

तिसरा रस्ता छायाचित्रासारखा: खऱ्या टँकमधून एक टिचकी पाठवायची, जे बाहेर येते ते टिपून ठेवायचे आणि कॉन्व्होल्यूशनने गिटारच्या प्रत्येक क्षणावर तो ठसा उमटवायचा. या ठशाला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. यात अपस्करण, धातूची चव, दोन रांगांची सरमिसळ, सगळे आपोआप येते. हळुवार वाजवणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन. चांगल्या टँकचा चांगला ठसा आणि खरा टँक यांतला फरक अशा वेळी ओळखणे कठीण असते. पण जोरात वाजवले की हा मार्ग तोकडा पडतो. ठसा एकाच पातळीचा असतो, आणि फेंडरच्या वेगळ्या रिव्हर्बपेटीचा जीव तर टँकला किती ढकलायचे या प्रश्नातच होता.

त्या पेटीवर तीन बटणे होती: ड्वेल, मिक्स आणि टोन. मिक्स म्हणजे ओल्या आवाजाचे प्रमाण. ड्वेल म्हणजे टँकला किती जोराने हाकायचे. हाकण्यासाठी आत ‘६के६’ हा चांगला दणकट व्हॉल्व्ह होता. अ‍ॅम्पच्या आतल्या रिव्हर्बला बहुधा लहान ‘१२एटी७’ हाकतो. ड्वेल चढवले की व्हॉल्व्ह आणि कॉइलचा लोखंडी गाभा दोघेही आपल्या मर्यादेला टेकतात, फटक्याचे टोक चेपले जाते, आणि स्प्रिंगेत शिरणारा संकेत आधीच किंचित फाटलेला असतो. सर्फ संगीतातली ती उद्धट, छातीवर येणारी ठिबक बरीचशी या फाटण्यातून येते. ज्या पेडलवर ड्वेलचे बटण फक्त वेळ किंवा प्रमाण वाढवते, ते विकत घेताना मी दोनदा विचार करेन.

मात्र यातच एक सोय दडलेली आहे. फाटणे घडते ते मुख्यतः स्प्रिंगेच्या आधी. स्प्रिंग स्वतः बऱ्यापैकी सरळ वागते. म्हणून कॉन्व्होल्यूशनच्या आधी एक सौम्य ओव्हरड्राइव्ह ठेवला, तोही फक्त ओल्या वाटेवर, तर त्या स्थिर ठशालाही हाताच्या जोराप्रमाणे वागायला लावता येते. कोरडी वाट वेगळी आणि स्वच्छ राहू द्यायची. संगणकावर काम करणाऱ्याला हे दहा मिनिटांत जमते, आणि फरक मोठा पडतो.

त्याच ओल्या वाटेवर आणखी एक गोष्ट हवी. साठीच्या दशकातल्या फेंडरच्या ट्विन किंवा डीलक्स रिव्हर्बच्या मंडलात टँकला हाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी ५०० पिकोफॅरॅडचा एक छोटा कपॅसिटर आणि १ मेगओहमचा रोध असतो. गणित केले तर साधारण ३१८ हर्ट्झच्या खालचे सारे तिथेच उतरणीला लागते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, म्हणजे तिचा मूळ सूर रिव्हर्बमध्ये फारसा जातच नाही. म्हणूनच खऱ्या अ‍ॅम्पवर रिव्हर्ब बराच चढवला तरी खालचा भाग चिखल होत नाही. डिजिटल स्प्रिंग गढूळ वाटत असेल तर वेळ कमी करण्याआधी ओल्या वाटेचा खर्ज ३०० हर्ट्झच्या आसपास कापून पाहावा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्या मिटतात क्रम बदलल्यावर. अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलरमध्ये किंवा संगणकावर रिव्हर्ब साखळीच्या शेवटी, स्पीकरच्या नकलेच्याही नंतर लावण्याची सवय स्टुडिओतून आली आहे, आणि सभागृहाच्या रिव्हर्बसाठी ती योग्यच आहे. स्प्रिंग मात्र अ‍ॅम्पच्या पोटात राहते. फेंडर अ‍ॅम्पमध्ये ती प्रीअ‍ॅम्पच्या नंतर आणि पॉवर अ‍ॅम्पच्या आधी येते. वेगळी पेटी असेल तर गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये, म्हणजे प्रीअ‍ॅम्पच्याही आधी. दोन्ही प्रकारांत ओला आवाज शेवटी त्याच बारा इंची कागदी कोनातून बाहेर पडतो. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने ढासळतो आणि सगळी खरखर गिळून टाकतो. स्पीकरच्या नकलेनंतर लावलेली उत्तम स्प्रिंगही चकचकीत, वरून चिकटवल्यासारखी वाटते. तीच तिच्या आधी सरकवली की गिटारच्या आवाजात मुरते. स्टीरिओचा मोहही टाळावा: टँकला एकच बाहेर पडायची वाट होती, कोरडा आणि ओला आवाज एकाच जागेवरून यायचे. डाव्या-उजव्या कानात पसरलेली स्प्रिंग सुंदर लागू शकते, पण ती वेगळीच गोष्ट आहे.

एवढे सगळे करून खरा टँकच का लावू नये, असे कोणी विचारेल. जमत असेल तर जरूर लावावा. पण ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ज्या आवाजाला गोड लागतो, त्या आवाजाला शेजारी दार ठोठावतात. रात्री हेडफोन लावून सराव करणाऱ्याला डिजिटलशिवाय पर्याय नाही. आणि खऱ्या टँकच्या काही खोडी अशा आहेत की त्या आपल्याला नकोशाही असतात. जवळच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तो पकडतो. अ‍ॅम्पच्या तळाशी, स्पीकरच्या सान्निध्यात बसवलेला असल्याने मोठ्या आवाजात स्प्रिंगा स्पीकरनेच हलू लागतात आणि घुमारा उठतो; म्हणून तर तो जाड पिशवीत घालून बसवतात. अ‍ॅम्पला धक्का लागला की गडगडाट होतो. हाच गडगडाट जमैकात किंग्स्टनच्या डब संगीताने आपल्या ताब्यात घेतला. किंग टबीसारख्या ध्वनिकारांनी चालू गाण्यात स्प्रिंगेला मुद्दाम हादरा देऊन त्याचे वाद्य केले. काही प्लगइनमध्ये आता ‘लाथ’ मारण्याचे बटण मिळते. बहुतेकदा ते एकच टिपलेला आवाज वाजवते, त्यामुळे दुसऱ्यांदा दाबल्यावर ओळखू येते. लाथेचा जोर बदलला की स्प्रिंगा एकमेकींवर आणि पत्र्यावर आपटण्याची रीतच बदलते, आणि त्या आपटण्याचे गणित पिळाच्या प्रवासापेक्षा कितीतरी किचकट आहे.

गिटारवाल्याला मात्र रोज लाथ मारायची नसते. त्याने दाबलेल्या तारांचा फटका ऐकावा, मग हलका आणि जोरकस असे दोन्ही वाजवून ‘ट्विप्’चा पोत बदलतो का ते पाहावे, मग एकच सूर तोडून शेपटी कुठे धूसर होते तिकडे कान द्यावा. ओल्या वाटेचा खर्ज कापावा, स्प्रिंग स्पीकरच्या आधी ठेवावी, आणि मिक्स चढवायचा मोह झाला की आधी ड्वेल चढवून पाहावे.